आई, तुझी राणी खरी होती

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, तुझ्या मालिकेतली सॉनदोक राणी मालिकावाल्यांनी रचलेली नाही. कोरियातल्या जुन्या सिल्ला राज्यावर तिने ६३२ ते ६४७ राज्य केलं. परवा त्यांच्या जुन्या राजधानीत, ग्योंगजूला जाऊन आले. तिच्या काळातली दगडी वेधशाळा अजून उभी आहे. पण बायकांचा मान म्हणून तिला गादी मिळाली असं समजू नकोस. तिथे जन्मावरून माणसाचं ‘हाड’ ठरायचं. राजघराण्यातलं अस्सल ते पवित्र हाड, त्याखाली खरं हाड, मग सहावा, पाचवा, चौथा दर्जा. पवित्र हाडाचा पुरुषच उरला नाही, म्हणून राणी! पुढे ६५४ मध्ये खऱ्या हाडाचा मुयोल राजा झाला.

बाबा, तुमचा जन्म बांधकाम खात्यात गेला, म्हणून हे खास तुमच्यासाठी. ८३४ च्या फर्मानात कुणाची खोली किती मोठी, हेही ठरवून दिलं होतं. खऱ्या हाडाला २४ चोक (एक चोक साधारण फूटभर), सहाव्या दर्जाला २१, पाचव्याला १८, चौथ्याला आणि रयतेला १५. तबेल्यातले घोडेसुद्धा मोजून. वर राजाची कुरकुर, की लोकांना परदेशी वस्तूंचं वेड लागलंय, देशी माल गावंढळ वाटतो. म्हणजे नियम सर्रास मोडले जात असणार, नाहीतर फर्मान कशाला काढायचं?

मला वाईट वाटलं ते चोए चिवोनचं. सहाव्या दर्जाचा. बाराव्या वर्षी चीनला गेला, तिथली परीक्षा पास झाला, नोकरी केली, नाव कमावलं. परत येऊन ८९४ मध्ये जिन्सोंग राणीला सुधारणांची दहा कलमं लिहून दिली. बक्षीस काय, तर सरकारी हुद्द्यांच्या सतरा पायऱ्यांतली वरून सहावी. त्याच्या जन्माला त्याहून वर जाताच येत नव्हतं. बड्या घराण्यांनी सुधारणा होऊ दिल्या नाहीत, आणि तो हेइन्सा मठाकडे निघून गेला. ९३५ मध्ये सिल्लाच बुडालं.

नंतरच्या गोर्यो राज्यात ग्वांगजोंग राजाने ९५८ मध्ये नोकरीसाठी परीक्षा सुरू केली, सरदारांचे पंख छाटायला. पण वरच्या अधिकाऱ्यांच्या मुलांना परीक्षेविना नोकरीची सोय लवकरच झाली. बाबा, तुम्ही हसाल, माहितीये.

एप्रिलमध्ये याल तेव्हा हेइन्साला जाऊ. चढ आहे, गुडघ्याचा पट्टा विसरू नका.

तुमची,
मनू