मेस्त्रीकाका, तुम्ही ती दोन चक्रं माझ्या हातात दिलीत

मेस्त्रीकाका, साष्टांग नमस्कार.

गेल्या सोमवारी भर पावसात पाटणच्या पुढे चेन उतरली आणि गाडी ढकलत तुमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत आले, ती मी. बाबांची स्प्लेंडरवाली. शाळेला उशीर होत होता, म्हणून धड आभारही न मानता निघाले. ते मनाला लागून राहिलंय.

ही गाडी बाबांनी 14 वर्षं चालवली. ते गेल्यावर ती विकायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. तिच्यातलं मला काही कळत नव्हतं. शहरातल्या एका गॅरेजात तीन महिन्यांत तीन खेपा घातल्या. दोनदा त्यांनी चेन ओढून दिली, इतकी ताठ की चालताना घुं घुं आवाज यायचा. तिसऱ्यांदा "पूर्ण सेट टाकलाय" म्हणून पैसे घेतले. काही विचारलं की एकच उत्तर, "ताई, घरातल्या कुणा माणसाला पाठवा, त्यांना सांगतो." घरात मी आणि आई. कुणाला पाठवणार होते?

तुम्ही कव्हर उघडून बघितलंत, हात पुसलेत, पुढचं चक्र, ज्याच्या दातांवर चेन फिरते ते, काढून माझ्या तळहातावर ठेवलंत. दुसऱ्या हातात नवं दिलंत. "बोट फिरवून बघा," म्हणालात. नव्याचे दात सरळ, बोथट. जुन्याचे करवतीसारखे एका अंगाला कललेले, बोटाला टोचणारे. चेन तेवढी नवी होती, चक्रं बाबांच्या वेळचीच! झिजलेल्या दातांवर नवी चेनही लवकर खराब होते, म्हणून पुढचं चक्र, मागचं चक्र आणि चेन एकदम बदलायची, हे मला हातातच कळलं. आणि मला हे कळेल, असं तुम्हाला वाटलं होतं. माझे डोळे भरून आले ते त्यासाठी, काका. तुम्ही ते बघितलंत आणि चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेलात.

समोरच्याला कळत नाही हे दिसत असतानाही त्याला खरं सांगणारी माणसं अजून आहेत. एसटीत भेटतात, दवाखान्याच्या खिडकीवर भेटतात, अशी रस्त्याकडेच्या शेडमध्येही भेटतात. त्यांच्या भरवशावर तर एकटी बाई रोज कराडहून हेळवाकपर्यंत गाडी नेते.

जुनं चक्र मी मागून घेतलं होतं ना, ते आईला दाखवलं. तिनंही दातांवरून बोट फिरवलं, बराच वेळ.

500 किलोमीटर झाले की दाखवून जा, म्हणाला होतात. शनिवारी येते. काल शाळेबाहेर कव्हरचं बूच काढून बोटानं चेन वर-खाली करून बघितली. खेळ इंचभर आहे. तरी तुम्ही एकदा बघा.