महिन्याला किती लागतात?

नाशिक,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय विज्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "पुढच्या वर्षी इंदूर सोडून कायमचं नाशिकला आलो तर महिन्याला किती लागतील रे?" मी एक आकडा ठोकून दिला. फोन ठेवला तर ही स्वयंपाकघरातून म्हणते, "कुठल्या सालात राहता तुम्ही?" म्हणून हे पत्र.

आकडा चुकला यात माझा फारसा दोष नाही. दुकानांमधून भाव आता एका जागी सापडतच नाही. गेल्या रविवारी आपल्या नेहमीच्या ठिकाणी मिसळ खायला गेलो होतो. मेनूकार्ड जुनंच आहे, कोपऱ्यात तेलाचे डाग पडलेलं. पण मिसळीसमोरच्या आकड्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने १२० लिहिलंय. माझी खोड तुला माहीतच आहे. नखाने कडा उचलली. खाली ११०. त्याच्या खाली ९५. भिंतीच्या चुन्याचे पोपडे निघावेत तसे थर निघत गेले आणि तळाशी छापील ७० सापडले. पाण्याचे ग्लास ठेवणारा पोरगा बघत होता. म्हणाला, "काका, खालचा भाव मागू नका हां."

रस्सा अजून हवा तेवढा वाढतात, देवाची कृपा. पाव मात्र मोजून दोन, तिसऱ्याचे पैसे वेगळे. आईसाठी एक मिसळ बांधून घेतली, डबा घरचा दिला, तरी बिलात 'पार्सल १०'. मी विचारलं, "डबा तर माझाच आहे, मग हे दहा कशाचे?" गल्ल्यावरचा म्हणाला, "सिस्टीममध्ये तसंच येतं." या सिस्टीमला कुठे गाठायचं ते मला कळलेलं नाही. १२० चं मला वाईट वाटलं नाही, गॅस आणि तेल त्यालाही विकतच आणावं लागतं. त्या दहा रुपयांनी मात्र घरी येईपर्यंत डोकं खाल्लं.

अशा चिल्लर गोष्टी बऱ्याच आहेत. कोपऱ्यावरचा दुधाच्या पिशवीवर छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतो आणि त्याला 'कूलिंग' म्हणतो. एमआरपीच्या वर घेणं कायद्याने गुन्हा आहे हे मी त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "मग दादा, गरम घेऊन जा." मेन रोडवर हिच्या साडीचे पैसे क्रेडिट कार्डने द्यायला गेलो तर दोन टक्के वर. यूपीआयवर काही नाही, कारण जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदारालाच शुल्क लागत नाही. मोठ्या दुकानात सामान भरून झाल्यावर पोरगी विचारते, "बॅग हवी का सर?" बॅग कागदी, वर त्यांचीच जाहिरात, आणि पैसे आपण द्यायचे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० च्या डिसेंबरात एका प्रकरणात सांगितलं होतं, की आधी कळवल्याशिवाय काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. आता दारातच बारीक अक्षरात पाटी असते. झालं कळवून!

हॉटेलचा किस्सा तेवढा ऐक. पुतणीच्या वाढदिवसाला गंगापूर रोडला जेवायला गेलो होतो. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. मला माहीत होतं, २०२२ च्या जुलैपासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत की हा आपोआप लावता येत नाही, आणि यंदा मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. मॅनेजरला शांतपणे सांगितलं. त्याने वाद न घालता काढून दिला. नवं बिल इतक्या चटकन आलं की ते आधीच काढून ठेवलं होतं की काय असं वाटलं. ही मात्र गाडीत बसेपर्यंत बोलली नाही. "चारचौघांत शोभतं का?" एवढंच.

आता माझ्याच दुकानाचं सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले. वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाले, पोरांचे आईबाप खूश. पण झेरॉक्सचा कागद १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. मी त्याच आठवड्यात 'झेरॉक्स २ रु.' वर चिठ्ठी डकवून ३ केले. परवा दुकान बंद करताना हिशोब मांडला. रिम अडीचशेची धर, पानं पाचशे. म्हणजे पान पन्नास पैशांचं आणि वाढलेला कर पानामागे तीन पैसेसुद्धा नाही. आणि मी वाढवला रुपया! टोनर आहे, लाइटबिल आहे, मालकाने भाडं वाढवलंय, हे सगळं खरंच. पण गिऱ्हाइकाला मी कारण सांगतो ते कागदावरच्या कराचं. एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "काका, जीएसटी तर कमी झाला ना?" मी मशीनमध्ये कागद अडकल्यासारखं केलं.

यात तुझ्या दादांची पट्टी, म्हणजे कांदा विकल्यावर बाजारात हातात मिळणारी हिशोबाची चिठ्ठी, आठवते. मागच्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर लासलगावला गेलो होतो. उन्हाळ कांदा एप्रिलपासून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, होता. निम्मा सडला, उरलेल्याला क्विंटलला बाराशेचा भाव मिळाला. पट्टी हातात आली तेव्हा दादांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे दिली. हमाली, वजन करण्याची तोलाई, ओळीत वजा. रकमा मोठ्या नाहीत, पण याच कपातीच्या वादावरून २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. त्याच्या आधीची निर्यातबंदी तुला आठवत असेल, २०२३ च्या डिसेंबरापासून मे २०२४ पर्यंत. नंतर ४० टक्के निर्यातशुल्क, मग २०, यंदाच्या १ एप्रिलपासून शून्य. दादा म्हणाले, "शुल्क गेलं तेव्हा आपला कांदा चाळीत होता, आता बाहेर आला तर भावच नाही." मी विचार करत होतो की माझ्या बिलात जे एकेक ओळीने वर चढतं, तसंच यांच्या पट्टीत एकेक ओळीने खाली उतरतं. आणि परत येताना एसटीच्या तिकिटावर ते म्हणालेच, "हे तेवढं वाढलं." जानेवारीत भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलंय. पिकअप भाड्याची होती, ती बाजारातूनच परत पाठवली होती.

तर आकडा. भाडं सोडून दोघांना मी सांगितलं त्यापेक्षा दीडपट धर. मला विचारू नकोस, हिने वहीत लिहिलंय, मी फक्त उतरवून देतो. त्यात खोबरेल तेल वेगळं, त्याचा भाव मी तुला लिहून कळवत नाही, तू आल्यावर बस आणि ऐक. कुंभमेळा तोंडावर आलाय, घरभाड्याचं आताच कुणाशी बोलून ठेवलेलं बरं. पंचवटीतल्या जागेचा विचार सोड, इंदिरानगरकडे बघतो.

आणखी एक. दादांनी तुझ्यासाठी कांद्याची एक गोणी निवडून बाजूला ठेवलीय, सगळा टणक माल. मी ट्रान्सपोर्टवाल्याला इंदूरचं विचारलं, तर त्याने भाडं, हमाली आणि 'पावती खर्च' असं सगळं मिळून सांगितलं ते गोणीच्या किमतीच्या वर गेलं. दादांना अजून सांगितलेलं नाही. तूच येतोस का घ्यायला?

तुझा,
सुध्या