‘घराण्यातच शुगर’ म्हणणाऱ्यांना छापील आधार नको

संपादक महोदय,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला पोटाच्या चरबीवरचा लेख वाचला. आहाराचा भाग उत्तम. पण चरबी म्हणजे नुसती साठवलेली ऊर्जा आणि मधुमेह जनुकांतच असला तर इलाज नाही, ही दोन विधाने खटकली. आधीच आपल्या खान्देशात ‘आमना घरमाच शुगर शे’ म्हणत माणसे भरिताच्या पार्टीत तेलाचा तवंग पुन्हा ताटात ओढून घेतात. त्यांना हे आयतेच मिळाले!

जनुके आई-बापांकडून येतात हे खरेच. पण कोणते जनुक किती वापरात आणायचे, हे पेशीला मिळणाऱ्या निरोपांवरही ठरते. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांच्याभोवती मॅक्रोफेज या भक्षकपेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा असे दाहाचे (पेशींत आतली सूज चेतवणारे) रेणू सोडतात. हे रेणू चरबीपेशीला येऊन चिकटले, की आत अडवून ठेवलेले एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन सुटते, पेशीकेंद्रात शिरते आणि दाहाची जनुके चालू करते. मग ती पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ आणि आणखी भक्षकपेशींना बोलावणारे एमसीपी-१ बनवू लागते. दुसरीकडे साखर आत घेणारे ग्लुट-४, इन्सुलिनला साथ देणारे अ‍ॅडिपोनेक्टिन आणि चरबीपेशीचे चरबीपेशीपण टिकवणारे पीपीएआर-गॅमा यांची जनुके मंदावतात. रक्तातली साखर पेशीत पोचवणारे इन्सुलिन असूनही उपयोगी पडेनासे होते. ताप नाही, ठणका नाही; रक्तातले सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन किंचित वाढलेले दिसते, तेवढेच.

१९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा जास्त सापडला. तो निष्प्रभ केल्यावर त्यांचे इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागले. मधुमेही माणसांत मात्र तो रोखून तसा गुण आला नाही, बहुधा दाहाचे निरोप देणारा तो एकटाच रेणू नाही म्हणून. तेव्हा ‘दाह उतरवून शुगर घालवणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिराती छापताना (त्या पुरवणीच्या मागच्याच पानावर होत्या) जरा विचार व्हावा.

आपल्याकडे वजनकाटाही फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! शेतात राबणारा, अंगाने शिडशिडीत, पण पोट सुटलेला माणूस आपल्या गावोगावी दिसतो. शिबिरात वजन ‘नॉर्मल’ म्हणून तो खुशीत घरी जातो.

म्हणून विनंती दोनच. तालुक्यातल्या आरोग्य शिबिरांत शुगर तपासताना शिंप्याची टेपही टेबलावर असावी. आणि पुढच्या पुरवणीत पोटाच्या घेराची भारतीयांसाठीची मर्यादा, पुरुषांना ९० सेंमी व स्त्रियांना ८० सेंमी, ठळक चौकटीत छापावी.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, अमळनेर