मीटर चालू करताच जे दिसतं ते आधी नीट बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात घरच्या घरी वायरिंग कसं तपासायचं यावर लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्यात एक वाक्य होतं की मल्टीमीटरवर (व्होल्ट, करंट, ओहम मोजायचा हातातला मीटर) शून्य आलं म्हणजे लाइन बंद आहे असं समजून कामाला लागायचं, आणि त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहितोय. कित्येक वर्षं मीटर आणि बाकीची टेस्टिंगची मशिनं रिपेअर करतोय, त्यामुळे मीटर दाखवतो ते आणि खरं असतं ते यात किती अंतर पडू शकतं हे रोज बघतो.

परवा आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाने एका डिजिटल मल्टीमीटरवर 'खराब' लिहून तो खोक्यात टाकला. विचारलं का रे, तर म्हणाला सर काही जोडलेलं नाहीये तरी आकडे नाचतायत. मी त्याच्यासमोरच चालू केला, मिलिव्होल्टची रेंज, दोन्ही प्रोब, म्हणजे मोजायला टेकवायच्या टोकांच्या वायरी, टेबलावर मोकळे, स्क्रीनवर ४७, मग १२, मग उणे ८, आणि हात जवळ नेला की एकदम ९० च्या वर. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, ०.०. सोडली की परत नाच सुरू. मीटर एकदम ठणठणीत होता. सर्किटमधून स्वतः जवळपास काहीच खेचू नये म्हणून मीटरचं इनपुट मुद्दाम खूप जास्त रेझिस्टन्सचं, म्हणजे करंटला खूप अडवणारं, ठेवतात, व्होल्टला साधारण १० मेगाओहम आणि काही मीटरमध्ये मिलिव्होल्टच्या रेंजला त्याच्याही कितीतरी पट, मग मोकळ्या प्रोबला आजूबाजूच्या वायरींमधून जे काही चिमूटभर मिळतं तेच स्क्रीनवर येतं. ते रीडिंग नाहीच. बंद केलेली वायर चालू वायरीच्या शेजारून लांबवर गेली असेल तर तिच्यावर चाळीस-पन्नास व्होल्ट दिसतात तेही याच कारणाने. काही मीटरला लो-झेड म्हणून वेगळी रेंज असते, तिथे इनपुट काही हजार ओहमचंच असतं, तिच्यावर टाकलं की हे भुताचे व्होल्ट खाली बसतात.

हे झालं नसलेलं दिसण्याचं, पण मला खरी भीती वाटते ती असलेलं न दिसण्याची. प्रोबची वायर आतून तुटलेली असली तर चालू लाइनवरही मीटर आरामात शून्यच दाखवणार. करंटच्या रेंजचा फ्यूज उडालेला असेल तर करंट किती का वाहायचा असेना, तिथेही शून्य! म्हणून आधी नक्की चालू असलेल्या जागी मीटर लावून बघायचं, मग आपल्या लाइनवर, आणि मग परत त्या चालू जागी. तिसऱ्यांदा कशाला असं बरेच जण विचारतात, तर मधल्या वेळात प्रोब किंवा मीटर गेला नाही ना हे त्यानेच कळतं. मीटर हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे, आणि बरेच जण वर्षानुवर्षं काम करूनही हे करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट डिस्प्लेची. पुष्कळ मीटर चालू केल्यावर एखादा सेकंद स्क्रीनवरची सगळी चिन्हं आणि सगळे ८ एकदम दाखवतात. लोकांना वाटतं ही नुसती सुरुवातीची चमक, पण कुठली रेघ मेली आहे का ते बघायची तेवढीच एक संधी असते. ८ ची मधली रेघ गेली की त्याचा ० होतो, आणि तो ० दिसायला अगदी खरा असतो. माझ्या हातून एकदा हे झालंय. कुणीतरी सेट करून ठेवलेला पॉवर सप्लाय होता, मीटरवर १०.०२ दिसलं, मी बोर्ड जोडला आणि रेग्युलेटरमधून धूर निघाला, कारण सप्लाय १८.०२ वर होता. दुसऱ्याचा बोर्ड होता तो, विश्वासाने दिलेला. तेव्हापासून तो एक सेकंद मी थांबतोच. बॅटरीचं चिन्ह लागलं की तेही टाळायचं नाही, सेल उतरला की आतला रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून मीटर मोजतो तो व्होल्टेज, खाली जातो आणि बऱ्याच मीटरमध्ये आकडा खऱ्यापेक्षा जास्त यायला लागतो.

लॅबमधल्या मोठ्या मीटरची तऱ्हा अजून वेगळी. साडेसहा डिजिटचा, म्हणजे खूप बारीक अंकांपर्यंत दाखवणारा, मीटर चालू केल्या केल्या जो आकडा देतो त्याचे शेवटचे अंक तासाभराने बदललेले असतात आणि शिव्या मात्र मोजायला आलेल्या बिचाऱ्या जॉबला बसतात. आतला रेफरन्स ठरलेल्या तापमानाला येऊन स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून मॅन्युअलमध्ये अर्धा तास, एक तास, काहींना तर चार तास वॉर्मअप स्पष्ट लिहिलेला असतो. फ्रिक्वेन्सी काउंटरमधल्या क्रिस्टलला एकाच तापमानाला ठेवणाऱ्या ओव्हनचंही तेच. वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर तर हातात नुसता इकडून तिकडे फिरवला तरी आकडा हलतो, पृथ्वीचं चुंबकत्व आणि जबड्यात उरलेलं थोडं चुंबकत्व त्याला पुरतं, म्हणून ज्या दिशेला धरून मोजायचं त्याच दिशेला रिकामा धरून झिरोचं बटण दाबायचं. प्रोब टेकवल्यावर ओहममध्ये ०.२ दिसतं ना, तो प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स, छोटे रेझिस्टन्स मोजताना तो वजा करायचा.

त्या खोक्यात 'खराब' लिहिलेले पाच मीटर होते. त्या मुलाला सोबत बसवून सगळे तपासले, तीन चांगले निघाले, एकाला नुसता सेल हवा होता. पाचव्याचा डिस्प्ले गेलेला होता, त्याच्यावर लाल टेप लावून तो बाजूला काढलाय.

माझी विनंती एवढीच की त्या लेखातली ती चूक पुढच्या अंकात दुरुस्त करावी आणि चालू जागी, मग आपल्या लाइनवर, मग परत चालू जागी ही पद्धत ठळक अक्षरात छापावी. लेख कापून ठेवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे ते चुकीचं वाक्य तसंच राहायला नको.

आपला,
मीटर रिपेअर करणारा एक वाचक