उत्तरपत्रिकेवर ‘संशयित’, मथळ्यात ‘कॉपीबहाद्दर’

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर आपण परीक्षेतल्या गैरप्रकारांची बातमी दिली आणि वर मथळा दिला ‘कॉपीबहाद्दर’. सुनावणी व्हायची आहे आणि निकाल राखीव आहेत, हे त्याच बातमीच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. सोबतच्या छायाचित्रात बाकांवर खडूने लिहिलेले आसन क्रमांक स्वच्छ वाचता येतात. मुले कोणती ते वर्गाला कळायला एवढे पुरे. अशा मुलाची उत्तरपत्रिका ताब्यात घेतली की तिच्यावर ‘संशयित गैरप्रकार’ असा शेरा मारतात. ‘संशयित’ हा शब्द नियमातला आहे, कोणी दयेपोटी घातलेला नाही. तो गाळण्याचा अधिकार वर्तमानपत्रालाही नाही.

पण मथळ्यापेक्षा मला जास्त खटकले ते दुसरेच. पकडलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी लेखी कबुली दिली, असे प्राचार्यांच्या तोंडी आपण दिले आहे. परीक्षेच्या कामात ज्यांनी वर्षे घालवली आहेत त्यांना विचारा, ही कबुली कशी मिळते ते. ब्लॉकमधून, म्हणजे परीक्षेच्या खोलीतून, मुलाला उठवून कंट्रोल रूममध्ये आणतात, समोर कोरा कागद ठेवतात आणि मजकूर सांगतात: माझ्याजवळ चिठ्ठी सापडली, चूक मान्य आहे, पुन्हा असे करणार नाही. चार मुलांचे चार कागद शेजारी ठेवले तर अक्षर तेवढे वेगळे, शब्द तेच. याला जबाब म्हणत नाहीत.

मुंबई विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ५०५० मध्ये, म्हणजे परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या नियमात, कागद दोन आहेत आणि दोन्हींचे काम वेगळे आहे. पहिला विद्यार्थ्याचा जबाब: काय घडले ते त्याच्या शब्दांत. दुसरे हमीपत्र: सक्षम प्राधिकारी देतील तो निर्णय मला बंधनकारक राहील, एवढेच. हमीपत्र घेतले की मुलाला पुढची परीक्षा देऊ देता येते. त्यात गुन्ह्याची कबुली नाही. जबाब देणे किंवा हमीपत्र लिहून देणे मुलाने नाकारले, तर सिनियर सुपरवायझर (पर्यवेक्षकांवर देखरेख करणारा) आणि चीफ कंडक्टर (केंद्राचा परीक्षाप्रमुख) यांनी तसे नोंदवून सही करायची, हीही तरतूद आहे. म्हणजे गप्प राहायची मुभा मुलाला नियमानेच दिलेली आहे. प्रत्यक्षात दोन्ही कागदांची खिचडी होते. सही केलीस तरच पुढचा पेपर, असे सांगितले जाते आणि अठरा-एकोणीस वर्षांचे पोर दोन्हीकडे सही करून मोकळे होते.

नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयातले प्रकरण सांगतो. महाविद्यालयाचे नाव देत नाही. प्रथम वर्ष वाणिज्यचा दुपारचा पेपर, अडीच ते पाच. सकाळी त्याच खोलीत तृतीय वर्षाचा पेपर झालेला. मधल्या वेळात बाकांचे खण कोणी तपासले नव्हते. दोन पन्नासला एका मुलीच्या बाकाच्या खणात मायक्रो झेरॉक्सची घडी सापडली, काडेपेटीएवढी. उत्तरपत्रिका घेतली, तिला खाली नेले, वरचाच मजकूर लिहून घेतला आणि तीन पंचवीसला नवी उत्तरपत्रिका हातात दिली. पस्तीस मिनिटे गेली ती गेलीच, भरून मिळाली नाहीत. त्या घडीवर होता तृतीय वर्षाचा कॉस्टिंग हा विषय. मुलगी लिहीत होती अर्थशास्त्राचा पेपर. घडी उलगडून त्यावर कोणता विषय आहे हे सात आठवडे एकाही माणसाने वाचले नाही, कारण कबुली हातात होती. गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या अनफेअर मीन्स कमिटीसमोर ती पहिल्यांदा उलगडली गेली आणि मुलगी पाच मिनिटांत सुटली. तोवर वर्गात तिचे नाव व्हायचे ते होऊन गेले होते, निकाल राखीव होता आणि पुढच्या सत्राचा फॉर्म तिने विलंब शुल्क भरून भरला. तो दंड तिला कोणी परत दिला नाही.

प्रकरण बनते ते पहिल्या वीस मिनिटांत आणि बिघडतेही तिथेच. ज्युनिअर सुपरवायझरला, म्हणजे वर्गातल्या पर्यवेक्षकाला, काही दिसले की आधी घड्याळ बघायचे आणि वेळ लिहायची. उत्तरपत्रिकेत मुलाने लिहिलेल्या शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची, तिथे सही करायची, मुलाचीही घ्यायची. पुरवण्या घेतल्या असतील तर किती आणि कोणत्या क्रमांकांच्या, ते टिपायचे. मिळालेला कागद कुठे मिळाला ते नेमके लिहायचे: हातात, खिशात, उत्तरपत्रिकेत, खणात, की बाकाखाली जमिनीवर. ‘विद्यार्थ्याजवळ’ हा शब्द रिपोर्टमध्ये चालवून घेऊ नये, त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक चिटोऱ्यावर मुलाची, ज्युनिअर आणि सिनियर सुपरवायझरची सही हवी. चिटोऱ्यांची यादी करून तिच्यावरही सह्या हव्यात. मग चिठ्ठी आणि त्या दिवशीची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून विषय तरी जुळतो का ते बघायचे. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. हे सगळे, जबाब, हमीपत्र, दोन्ही उत्तरपत्रिका आणि चीफ कंडक्टरचा अहवाल, वेगळ्या गोपनीय पाकिटात सीलबंद करून पुढे जायला हवे. पुष्कळदा ते परीक्षा संपेपर्यंत कपाटात पडून राहते आणि मग तारखा पाकिटावर आठवून टाकतात.

रेघेवर माझा एवढा जोर का, तेही सांगतो. नियमात नुसते साहित्य बाळगणे वेगळे आणि त्यावरून प्रत्यक्ष उतरवणे वेगळे. बाळगले तर त्या परीक्षेची संपूर्ण संपादणूक रद्द. उतरवले तर त्याशिवाय आणखी एका परीक्षेला बंदी. दोघांत एका सत्राचा फरक आहे आणि तो ठरतो केवळ चिठ्ठीतला मजकूर उत्तरात आला आहे की नाही यावर. रेघ नसेल, नवी उत्तरपत्रिका कधी दिली याची वेळ नसेल आणि रिपोर्टमध्ये ‘कॉपी करताना पकडले’ एवढेच असेल, तर कमिटीने हे ठरवायचे कशावरून? मग एक तर खरोखर उतरवणारा शंकेचा फायदा घेऊन सुटतो, नाही तर न उतरवणारा वर्ष घालवतो. दोन्ही वाईटच. तोतयेगिरीला आणखी पाच परीक्षांची बंदी आहे आणि ती असावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कॉपी करणाऱ्यांची बाजू घ्यायला मी हे लिहिलेले नाही. रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्याच्या शेजारी बसून उतरवणारा मुलगा त्याचे गुण चोरतो आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. टिकेल अशी व्हायला हवी.

मोबाईलचे तर विचारू नका. सापडला की मुलाला लॉक उघडायला लावतात आणि तीन-चार जण मिळून व्हॉट्सअॅप चाळतात. असे केल्यावर पेपर चालू असताना मुलाने काय उघडले आणि नंतर सुपरवायझरांनी काय उघडले, हे वेगळे काढता येत नाही. फोन उघडूच नये. चालू होता की बंद, कोणता, कुठे होता, एवढे लिहून पाकिटात घालावा, पाकिटाच्या जोडावर मुलाची सही घ्यावी आणि मुलाला पावती द्यावी. पावती कुठेच देत नाहीत. वर्गात सीसीटीव्ही असेल तर त्या अर्ध्या तासाचे चित्रण त्याच दिवशी उतरवून ठेवावे. हार्ड डिस्क भरली की यंत्र जुन्यावर नवे चढवते, तारीख लागेपर्यंत काही उरत नाही.

आणखी एक विसंगती डोळ्यांत सलते. पीएचडीच्या प्रबंधातल्या वाङ्मयचौर्याला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायला सहा महिन्यांपर्यंतची मुदत. चाळीस ते साठला सुधारित प्रबंध सादर करायला एक वर्ष मनाई आणि साठच्या वर नोंदणी रद्द. संशोधकाला चढत्या पायऱ्या आहेत, दुरुस्तीची संधी आहे. पदवीच्या मुलाच्या खिशात न उघडलेली एक चिठ्ठी निघाली तर सगळ्या विषयांवर पाणी. पदवीच्या परीक्षेलाही अशा पायऱ्या असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुनावणीबद्दल मुलांना कोणी काही सांगत नाही, म्हणून आपल्या वाचकांसाठी लिहितो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ प्रमाणे विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने नेमलेली चौकशी समिती जास्तीत जास्त पाच जणांची असते. महाविद्यालय घेते त्या परीक्षांची चौकशी महाविद्यालयाच्या समितीकडे असते. आरोप काय आहे ते लेखी कळवून खुलासा मागवायचा असतो. ज्या कागदांवर आरोप उभा आहे ते कागद हजर राहिलेल्या मुलाला दाखवावे लागतात. बाजू त्याने स्वतःच मांडायची असते, वकील किंवा पालक चालत नाहीत. तेव्हा वडिलांनी भांडायला आत शिरू नये. मुलाने घरून लेखी खुलासा नेऊन त्याची पोच घ्यावी आणि चिठ्ठी, रेघ, वेळ, सह्या हे एकेक बघायला मागावे. जबाब सांगून लिहवून घेतला असेल तर तसे खुलाशात पहिल्याच ओळीत लिहावे. मुलाला ऐकून न घेता निकाल रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या मंडळाच्या प्रकरणात १९६२ सालीच सांगितले आहे. साठ वर्षे उलटून गेली तरी काही ठिकाणी सुनावणी म्हणजे रांगेत उभे करून तीन मिनिटांत सही, असेच चालते.

निकाल राखीव ठेवून महिनोन् महिने कळवतच नसतील, तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येतो. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे निकाल वेळापत्रकापेक्षा उशिरा लावणे हीसुद्धा तक्रार धरली जाते. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे दाद मागता येते. लोकपालांची माहिती संकेतस्थळावर ठळक हवी. आपल्या वार्ताहराने ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांची संकेतस्थळे उघडून ती कुठे कुठे सापडते ते पाहावे आणि छापावे. कालच्या मथळ्यापेक्षा त्याचा मुलांना जास्त उपयोग होईल.

जाता जाता सुनावणीच्या जागेचेही लिहितो. विद्यापीठ पातळीवरच्या प्रकरणांत ठाणे जिल्ह्यातल्या मुलांना मुंबईत विद्यापीठाच्या कालिना परिसरात बोलावायचे कारण काय? मुरबाडच्या पलीकडच्या गावातला मुलगा एसटीने कल्याणला येणार, तिथून लोकलने कुर्ला, मग रिक्षा, आणि बोलावलेले असेल सकाळी साडेदहाला. एक गाडी चुकली तर गैरहजर, आणि गैरहजर राहिला तर पुढे त्याच्या माघारी निर्णय होऊ शकतो. ठाण्यात बाळकुमला विद्यापीठाचा उपपरिसर आहे, ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस जाते. कल्याणलाही उपपरिसर आहे. समितीचे पाच जण महिन्यातून एक दिवस तिथे येऊन बसले, तर शंभर मुलांची आणि त्यांच्या आयांची ओढाताण वाचेल. हिवाळी परीक्षांची प्रकरणे लागायच्या आत एवढे तरी करावे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त चीफ कंडक्टर
पाचपाखाडी, ठाणे (प.)