सेंटर-लॉक चाकांचे नट चुकीच्या पद्धतीने आवळल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
टायर व चाक सेवा विभाग

विषय: पोर्श 911 जीटी3 (991) चे टायर बदलताना सेंटर-लॉक नट (चाक धरणारा मधोमधचा एकच मोठा नट) कोरडे ठेवून इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणाऱ्या हवेच्या यंत्राने) आवळणे, त्यामुळे झालेले नुकसान व भरपाई.

महोदय,

आपल्या पुणे शाखेत वरील गाडीचे चारही टायर बदलून घेतले. जॉब कार्डावर ‘व्हील टॉर्क – ओके’ असा शिक्का आहे, पण टॉर्कचा, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा कुठेच नाही. पुढे ब्रेक पॅड तपासण्यासाठी चाके काढायला घेतली तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा नट हलेना. डिजिटल टॉर्क मीटरवर 1000 न्यूटन-मीटर ओलांडले तरी तो जागचा हलला नाही. शाखेला कळवल्यावर उत्तर आले की नट घट्ट आहे म्हणजे चाक सुरक्षित आहे. हे उत्तर साफ चुकीचे आहे, आणि त्याच समजुतीने आपण इतरांच्या गाड्यांवरही काम करत असाल तर धोकादायक आहे.

या गाडीला पाच बोल्ट नाहीत, मधोमध एकच मोठा नट आहे. साध्या पाच बोल्टच्या गाडीत एकेका बोल्टला साधारण 100 ते 160 न्यूटन-मीटर पुरतात. इथे एकट्या नटाला 600 लागतात. पद्धतही ठरलेली आहे. आट्यांना आणि नटाच्या शंकूसारख्या बैठकीला अ‍ॅल्युमिनियम पेस्ट लावायची, टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्ह्याने) 600 पर्यंत आवळायचे, मग 90 अंश ढिला करायचा आणि पुन्हा 600 पर्यंत आवळायचे. मधला पाव फेरा वगळून चालत नाही. पहिल्यांदा आवळताना पेस्ट पसरते, बैठक जागेवर येते. खरा दाब दुसऱ्या वेळच्या आवळण्यात मिळतो.

नट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण नऊ दशांश जोर आटे आणि बैठक यांच्या घर्षणातच खर्च होतो. चाक हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) दाबून धरायला उरतो तो जेमतेम एक दशांश. आटे कोरडे असले की घर्षण आणखी वाढते आणि तोच आकडा दाखवूनही चाकावरचा दाब कमी भरतो. म्हणजे पान्ह्याला नट दगडासारखा लागतो आणि चाक मात्र हवे तितके धरलेले नसते. गनने मारला असेल तर किती जोर लागला हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही: हवेचा दाब, नळीची लांबी, ट्रिगर किती सेकंद दाबला, सगळ्यावर तो बदलतो. अशा नटाला ‘सुरक्षित’ कशाच्या आधारावर म्हणता?

बाकीचे तीन नट सुटले, पण एकावरही पेस्टचा मागमूस नव्हता. आट्यांत चंदेरी चुरा होता. अ‍ॅल्युमिनियमचा नट पोलादी आट्यांवर कोरडाच फिरला की त्याचा पृष्ठभाग सोलवटतो आणि ते कण आट्यांतच चिकटून बसतात. पुढच्या उजव्या चाकावर तर कुलूपच बाहेर आलेले नव्हते. हबच्या मध्यात स्प्रिंगवर बसलेले दातेरी कुलूप असते. सॉकेट (नटावर बसणारी पान्ह्याची टोपी) पूर्ण आत दाबले की ते मागे सरकते आणि नट फिरतो. सॉकेट काढल्यावर ते बाहेर येऊन नटाच्या दात्यांत बसायला हवे. ते बसले की नाही हे नुसत्या डोळ्यांनी दिसते, त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. मधली झाकणी लावण्याआधी आपल्या फिटरने एकदा पाहिले असते तर कळले असते. माझ्या मते जाम नटापेक्षाही ही चूक मोठी आहे.

अडकलेल्या नटासाठी आपल्या शाखेने फोनवर दोन उपाय सुचवले: ज्योत लावा, नाहीतर मोठी गन मारा. कृपया हे कोणालाही सुचवू नका. फोर्ज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला ज्योत लागली की धातूला दिलेला ताव उतरतो आणि चाक कमकुवत होते; हबच्या बेअरिंगमधले ग्रीस जळते ते वेगळेच. मोठ्या गनच्या ठोक्यांनी सॉकेट मागे सरकले तर कुलूप अर्धवट अडकते आणि सगळा जोर त्याच्या दात्यांवर येतो. गंजमुक्तीचा स्प्रेही इथे कामाचा नाही. नटाने झाकलेल्या आट्यांपर्यंत तो पोचत नाही, उडतो तो ब्रेक डिस्कवर.

नट शेवटी पुढील पद्धतीने काढला. गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी, इंजिन बंद, गिअर टाकलेला, आणि आत एक माणूस ब्रेक पेडल दाबून बसलेला. नुसत्या हँडब्रेकवर विसंबून हे काम करू नये. फिरवण्याची दिशा आधी गाडीच्या पुस्तकात पाहून घेतली, कारण काही सेंटर-लॉक गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात. सॉकेट कुलूप दबेपर्यंत आत ढकलले आणि ते तिरके होऊ नये म्हणून दांड्याच्या डोक्याखाली घोडी लावली. सव्वा मीटरच्या आसपास लांबीच्या दांड्यावर 600 न्यूटन-मीटरसाठी पन्नासएक किलोचा भार पुरतो. 1000 साठी ऐंशीहून जास्त लागतो, आणि तिथे सॉकेट निसटले तर दांडा सुटून माणूस जखमी होतो. म्हणून त्यापुढे अंगाचा जोर न लावता गिअर असलेला टॉर्क मल्टिप्लायर (हाताचा जोर अनेक पटींनी वाढवणारे साधन) जोडला, त्याचा आधाराचा पाय चाकाच्या काडीवर न टेकवता फरशीवरच्या लाकडी ओंडक्यावर टेकवला, आणि जोर हळूहळू वाढवत नेला. ढिला करायला टॉर्क रेंच वापरला नाही; त्याचे माप बिघडते.

मोठा आवाज होऊन नट सुटला. पण नुसता घट्ट असलेला नट एकदा सुटला की पुढे हाताने फिरतो. हा शेवटच्या आट्यापर्यंत दांड्यानेच ओढून काढावा लागला. आटे एकमेकांत सोलले गेल्याची याहून स्पष्ट खूण नाही. हबवरचे पहिले काही आटे बोथट झाले आहेत, नटाच्या कडांवर गनच्या सॉकेटचे ओरखडे आहेत.

तेव्हा माझी मागणी अशी. चारही नट नवे द्यावेत, कारण चंदेरी चुरा सोडलेला नट पुन्हा वापरण्याजोगा नाही. मागचा डावा हब बदलून मिळावा; उरलेल्या तीन हबचे आटे आणि कुलपे गाडीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासून घेण्याचा खर्च आपण द्यावा. मल्टिप्लायरच्या भाड्याची पावती जोडली आहे, ती रक्कम आणि टायर बसवण्याची मजुरी परत करावी. हे काम आपल्या शाखेत पुन्हा करून देण्याची तयारी आपण दाखवलीत, ती मला मान्य नाही.

शिवाय काही लेखी उत्तरे हवी आहेत. त्या दिवशी कोणती गन वापरली? शाखेत 600 न्यूटन-मीटर मोजणारा टॉर्क रेंच आहे का, असल्यास त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख काय? नसेल, तर सेंटर-लॉकची गाडी कामाला घेतलीच कशी? साधन नसेल तर दारातच नाही म्हणावे, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि यापुढे जॉब कार्डावर ‘ओके’ऐवजी प्रत्येक चाकापुढे आकडा आणि कुलूप तपासल्याची सही असावी.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. चारही नट न पुसता, चाकाची जागा लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले आहेत. आपल्या तांत्रिक अधिकाऱ्याने आधी कळवून येऊन ते आणि हब पाहावेत.

आपला,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्ड व बिलाची प्रत, नट, आटे व कुलपाची छायाचित्रे, मल्टिप्लायरच्या भाड्याची पावती