आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : कंपवाताच्या तपासणीत घरच्यांनाही विचारा

मा. आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्या पतींना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी आम्ही तपासणीला जातो. मूठ उघडा-मिटा, अंगठ्यावर बोट आपटा, हात पुढे धरा, दारापर्यंत चालून या. मग डॉक्टर मागे उभे राहून खांद्यांना हिसका देतात आणि तोल सावरतो का ते बघतात. सगळं फॉर्मवर आकड्यांत उतरतं, गोळ्यांच्या वेळा ठरतात, आम्ही घरी येतो. या नऊ वर्षांत एकदाही कुणी मला बाजूला घेऊन विचारलं नाही, की ह्यांना घरातली माणसं पूर्वीसारखी कळतात का? त्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे. ह्यांना विचारूनच लिहिते आहे.

मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. फोन आला तेव्हा हे समोरच्याच खुर्चीत बसले होते. फोनवर माझ्या तोंडून 'हो, हो' एवढंच निघालं. फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले, रडू आवरेना. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, चांगलं सरळ पाहिलं, आणि विचारलं, "अगं, माझी दुपारची गोळी झाली का?"

ज्या माणसाला माझ्या पावलांच्या आवाजावरून माझा राग कळायचा, तो हा माणूस. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी शब्द बोलले नाही. शेवटी न राहवून सांगितलं, "अहो, माझा भाऊ गेला. मला फार रडू येतंय. जरा माझ्याजवळ बसा." ते उठले. पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले होते, दोनदा अडखळले, पण आले. रात्रभर माझा हात धरून बसले होते. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मंत्रिमहोदय, त्या रात्रीपर्यंत मी दोन वर्षं मनात धरून होते, की हे बदलले, ह्यांची माया आटली. माया आटली नव्हती. माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते वाचणं त्यांना जमत नव्हतं. शब्दांत सांगितल्यावर सगळं पोचलं. आमच्या मदतगटात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. तिथे मी हे बोलले तेव्हा आणखी तिघीजणी रडल्या. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्याच घरात घडतंय.

मग मी वाचायला लागले, जाणकारांना विचारायला लागले. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यात बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असं म्हटलं होतं. दोनशे वर्षांत विज्ञान बरंच पुढे गेलं, तरी लोकांच्या डोक्यात आणि दवाखान्याच्या फॉर्मवर आजार हातापायांचाच राहिला. खरं तर डोपामिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, कमी पडतं तेव्हा हालचालींबरोबरच मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेल्या साखळ्याही ढिल्या होतात. नियोजन करणं, एका कामातून दुसऱ्यात शिरणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं जड जातं. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा किंवा आवाजातला राग, भीती, दुःख ओळखणं अनेक रुग्णांना कठीण जातं, हे कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे. समोरच्याच्या मनात काय चाललं असेल, तो थट्टेने बोलतोय की खरं, याचा अंदाजही चुकू लागतो. सगळ्यांचं असं होत नाही आणि सारख्या प्रमाणात होत नाही. पण ज्याचं होतं, त्याच्या घराला ते हाताच्या कंपापेक्षा जास्त छळतं.

ह्यांची स्मरणशक्तीची चाचणी झाली होती. तीस गुणांची. घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करा, पाच शब्द लक्षात ठेवा. अठ्ठावीस गुण मिळाले. "बुद्धी उत्तम आहे, काळजी नको," असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि मीही आनंदाने मान डोलावली. त्या चाचणीत माणसाच्या चेहऱ्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. यात त्या डॉक्टरांचा दोष मी काढत नाही, कारण मुळात मापंच तशी आहेत. पार्किन्सन्समधल्या सौम्य बौद्धिक घटीचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१२ मध्ये ठरले, त्यात लक्ष, नियोजन, भाषा, स्मृती आणि दृष्टी-अवकाशाचं भान (वस्तू कुठे आणि किती अंतरावर आहे ते कळणं) अशी पाच क्षेत्रं आहेत. सामाजिक आकलन, म्हणजे समोरच्याचं मन आणि भावना समजणं, त्यात नाही. पुढच्याच वर्षी मानसिक विकारांच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात मात्र सामाजिक आकलनाला बुद्धीचं स्वतंत्र क्षेत्र म्हणून जागा मिळाली. म्हणजे शास्त्राला हे माहीत आहे. आमच्या फॉर्मपर्यंत तेवढं आलेलं नाही.

हा गैरसमज दुसऱ्या बाजूनेही होतो. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे ह्यांचा चेहरा मुखवट्यासारखा दिसतो, आवाज खोल गेलाय. एका सरकारी कार्यालयात खिडकीपलीकडच्या माणसाने ह्यांना जन्मतारीख विचारली. विचार मंदावलेला असतो, उत्तर यायला वेळ लागतो. मी मनात आकडे मोजत होते, आठपर्यंत आले, तेवढ्यात तो माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना काही कळतं का?" आणि त्याच क्षणी ह्यांनी तारीख, महिना, साल, सगळं अचूक सांगितलं. तो ऐकतच नव्हता. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पुढच्या वेळी तूच सांग." तेव्हापासून बाहेर ते बोलतच नाहीत.

औषधांबद्दलही एक सांगायलाच हवं. डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गटातल्या, म्हणजे मेंदूत डोपामिनसारखं काम करणाऱ्या, गोळ्यांनी काहींना जुगाराची, बेसुमार खरेदीची किंवा लैंगिक वर्तनाची अनावर ओढ लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये असं वर्तन आढळलं, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. गोळी मनाने बंद करणंही धोक्याचं, ती डॉक्टरांनीच हळूहळू कमी करायची असते. हे गोळी लिहून देतानाच घरच्यांना सांगितलं, तर बायकोला पासबुक उघडून धक्का बसायची वेळ येणार नाही आणि नवऱ्याला शरमेने खोटं बोलावं लागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मेंदूच्या आजारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला, त्यात रुग्णांबरोबर त्यांना सांभाळणाऱ्यांचाही विचार आहे. तो आमच्या दवाखान्यापर्यंत यावा एवढंच माझं म्हणणं.

त्यासाठी मोठी यंत्रं लागणार नाहीत. तपासणीच्या फॉर्मवर हालचालींच्या खाली विचार आणि माणसं समजण्याबद्दलचा प्रश्न छापा. तो शुभार्थीला विचारा आणि शुभंकरालाही, पण वेगळ्या खोलीत. नवऱ्यासमोर मी हे बोलू शकत नाही, आणि ज्याला आपलं काय चुकतंय ते दिसतच नाही तो ते स्वतःहून सांगणार नाही. मेंदूविकार विभागात मानसशास्त्रज्ञाची जागा मंजूर करा आणि ती भरा. खिडकीवर बसणाऱ्यांना, परिचारिकांना, प्रमाणपत्रं देणाऱ्यांना एवढं शिकवा, की चेहरा हलला नाही तरी आत माणूस ऐकतो आहे आणि उत्तराला वेळ द्यायचा आहे. आणि निदान सांगतानाच घरच्यांना कुणीतरी समजावून सांगा, की यापुढे मनातलं शब्दांत सांगावं लागेल. मला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर माझी दोन वर्षं रागात गेली नसती.

आमची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. वेगळी खोली मिळायला वेळ लागेल, मानसशास्त्रज्ञ यायला त्याहून जास्त लागेल, हे मला समजतं. तो एक प्रश्न मात्र तोवर फॉर्मवर छापून येऊ शकतो.

आपली,
एक शुभंकर